तात्या सकपाळांचा बंब

तात्या सकपाळांची आठवण आली की माझी मान आपोआप ताठ होते. आदराने नव्हे, दणक्याच्या धास्तीने. पोलादपुरात त्यांच्या घराला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांच्या ‘चल रे बाळू, जरा गाडीत बस’ या हाकेला मला कधी नाही म्हणता आलं नाही, तेव्हा मानेची ही गत होणारच होती. आता तात्या नाहीत. मान मात्र अजून सकाळी उठल्यावर एकाच बाजूला वळते.

तात्या एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटात गेली. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट सुटला नव्हता, फक्त त्यावरचा बिल्ला गेला होता आणि बिल्ल्याच्या जागी तेवढा गडद चौकोन राहिला होता. उंच, काटकुळे, कमी बोलणारे. जे बोलायचे त्यातलं निम्मं एकाच शब्दात आटपायचं. तो शब्द म्हणजे ‘जादा’.

त्यांना काहीही जादा झालेलं खपत नसे. हॉटेलात चहा काठोकाठ आला तर दोन घोट बशीत ओतून बशी मालकापुढे सरकवायचे, ‘जादा हाय, परत घे.’ तो बिचारा उष्टा चहा कुठे घेणार! पण तात्या उठून जाईपर्यंत त्याला बशी हातात धरून उभं राहावं लागे. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं पाच झाल्यावर यांनी भटजींना हात दाखवून थांबवलं होतं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले तेव्हा म्हणाले, ‘पुढची बाजू काढ. मागची कशाला? जादा हाय.’ मी सांगून पाहिलं. ऐकलं नाही. तहसीलमधून परत पाठवलं तेव्हा आले, मागच्या बाजूची वेगळी झेरॉक्स काढून घेतली आणि जाताना मलाच म्हणाले, ‘तुला आधीच काढता आली नसती?’

तर असा हा माणूस निवृत्तीनंतर गोठ्यावर कौलं शाकारायला चढला आणि खाली आला तो डाव्या गुडघ्यावर. त्यानंतर तो गुडघा वाकायचा बंद झाला. पाय सरळ पुढे काढून ते ओटीवर बसायचे आणि महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. ‘तिसऱ्यात घ्यायला पायजे व्हती.’ ‘ह्यो क्लचवर पाय ठेवून चालवतोय.’ दिवसभर असं चालायचं. सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, ‘बाळू, ह्यांना कुठंतरी घेऊन जा रे. मी भाकरी थापली तरी सांगतात, आता गिअर बदल.’ त्या हसून सांगायच्या, पण मला माहीत होतं, संध्याकाळच्या बसचा भोंगा वाजला की तात्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. ज्याने आयुष्यभर घाट चालवला त्याला क्लच दाबता येत नाही म्हणून ओटीवर बसवणं, ही शिक्षाच होती. मला वाईट वाटायचं.

मग महाडला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि तात्या त्यातून आगीचा बंब घेऊन आले.

मी दुकानाचं शटर वर करतोय तर समोर लालभडक धूड. जुनं, परदेशी बनावटीचं, पोटात पाण्याची मोठी टाकी, डोक्यावर फुटलेला दिवा. कुठल्या शेटने हौसेने मागवलं असेल ते असो. वर तात्या बसलेले, चेहरा असा की मुलगा झाल्याची बातमी घेऊन आलेत.

‘बाळू, वर ये. खाली बघ. काय दिसता?’

मी पाहिलं. ‘काही नाही, तात्या.’

‘तेच! क्लच नाय! दोनच पेडलं! गिअर आपला आपण पडतो!’

त्या दिवशी सगळी आळी एकामागून एक बंबात चढून नसलेला क्लच पाहून गेली. बायका हळदीकुंकवाला जावं तशा जाऊन आल्या. तात्या प्रत्येकाला जागा बोटाने दाखवायचे, ‘हितं असतो. हितं नाय.’

बंबाला काम आधीच तयार होतं. उमरठच्या वर डोंगरात तात्यांची मूळ वाडी आहे. संक्रांत झाली की तिथली विहीर तळ गाठते. सरकारी टँकर यायचा तो खालच्या फाट्यापर्यंत, वरचा चढ त्याला जमत नसे, आणि बायका हंडे घेऊन खाली उतरायच्या. तात्यांचा बंब चढ चढला. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला ओवाळलं. तात्या फक्त डिझेलपुरतं घ्यायचे, बाकी काही दिलं तर ठरलेला शब्द. आठवड्याभरात तात्यांचा आवाज बदलला, भूक वाढली, भिंतीकडे तोंड करून पडणं थांबलं. काकू म्हणाल्या, ‘गुडघ्याला औषध नव्हता मिळत, तो बंबात मिळाला.’

आणि मग दणका सुरू झाला.

आधी वाटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. पण तो वाढत गेला. पाय दाबला की बंब आधी विचार करायचा. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. मग त्याचा विचार पक्का झाला की असा दणका द्यायचा की टाकीतलं पाणी वरच्या झाकणातून उडून मागच्या मोटारसायकलवाल्याला आंघोळ. गिअर बदलला की दणका. उतरला की दणका. चढावर वळणात तर बंब मध्येच विचार करायला थांबायचा, मागे सरकायचा आणि मग उसळायचा. एकदा असा उसळला की पुढचं चाक कठड्याच्या दगडाला लागलं. खाली दरी होती.

ही गोष्ट मुंबईत सुनीलला, म्हणजे तात्यांच्या मुलाला, कोणीतरी कळवली. तो शिमग्याला आला तोच तोंड पाडून. पालखी नाचवून झाल्यावर ओटीवर बसून त्याने सांगितलं, ‘बाबा, सरळ बोलतो. तुम्ही एक दिवस दरीत जाल. पाडव्यापर्यंत ही गाडी नीट झाली तर चालवा, मी काही बोलणार नाही. नाही झाली तर भंगार. मग गाडी बंद, विषय बंद.’

‘विषय बंद म्हंजे?’

‘म्हणजे तुम्ही घरी बसायचं.’

तात्यांनी सरळ पुढे पसरलेल्या पायाकडे पाहिलं. मी त्या वेळी तिथेच होतो आणि मला ओटीवरून उठून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला.

तात्यांची पहिली पद्धत त्यांनी स्वतः काढली होती. बंबात पुढच्या बाकावर तीन माणसं बसवायची. मी, आळीतला शिंपी गणपत, आणि ग्रामदेवतेचा गुरव बारकूदादा. गाडी चालवायची. दणका बसला की तात्या विचारणार, ‘कुठं बसला?’

‘कमरेत,’ मी.

‘मानेत,’ गणपत.

‘कवळीत,’ बारकूदादा. त्यांची कवळी खरंच समोरच्या काचेवर आपटून माझ्या मांडीवर पडली होती.

तात्यांचा सिद्धांत असा होता की लहान गिअरचा दणका कमरेत बसतो, मोठ्याचा मानेत. तिघांनी एकच जागा सांगितली की दोष सापडला. पण तीन माणसांची हाडं कधी एकमताने बोलतात का! गणपत तर पुढे पुढे दणका बसायच्या आधीच ‘मानेत’ म्हणायला लागला. बारकूदादांनी दुसऱ्या दिवशी कवळी खिशात ठेवून गाडीत पाय ठेवला, तर तात्या भडकले, ‘दात काढून बसलास तर मला कळणार कसा?’

मग महाडहून सावंत मेस्त्रींना बोलावलं. हा मनुष्य बोलका. बंबाखाली झोपून तो आम्हाला आपल्या भाच्याच्या सोयरिकीची पूर्ण हकिकत सांगायचा. त्याने निदान केलं, गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतो ती रबरं मेली आहेत. नवी टाकली. जाता जाता, हात खराब झालेच आहेत म्हणून, गिअरचं तेलही वरून थोडं ओतलं. हे तेल लाल असतं, हे मला तेव्हा कळलं. गाडी सुरू केली तर काय! लोण्यासारखी. तात्या महामार्गावर जाऊन वळून आले, वाटेत कुठेही विचार नाही, दणका नाही. सावंत मेस्त्रींना काकूंनी मटण खाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब दुकानासमोरच असा उसळला की माझ्या काउंटरवरची स्टेपलरं खाली.

तात्यांनी फोन लावला. ‘मेस्त्री, तुझी रबरं एका रात्रीत मेली?’

मेस्त्री पुन्हा आला. आता त्याने बोल्ट बदलले, आणि जाता जाता तेल ओतलं. गाडी सुधारली. पुन्हा जेवण झालं. सकाळी पुन्हा दणका. तिसऱ्या वेळी कुठलीशी तार आवळली आणि जाता जाता तेल ओतलं, पण काकूंनी या वेळी फक्त पिठलं केलं. मेस्त्री पिठलं पाहून समजला. सकाळी दणका बसल्यावर त्याने फोन उचलला नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. एसटीत तात्यांना एक शिस्त लागली होती. सकाळी उठायचं, चूळ भरायची आणि गाडी सुरू करण्याआधी, इंजिन थंड असताना, तेलाची काठी बाहेर काढून फडक्याने पुसून, परत घालून पाहायची. तेल दोन खुणांच्या मधे पाहिजे. इतकी वर्षं त्यांनी हे केलं आणि त्यांची गाडी वाटेत कधी बंद पडली नाही, हे सगळं पोलादपूर जाणतं. बंबालाही तेच. इंजिनच्या तेलाची काठी पाहायची, मग गिअरच्या तेलाची. ही दुसरी काठी त्यांना रोज चकवायची, कारण काल खुणेवर आणलेलं तेल सकाळी तिच्यावर पुन्हा थोडं वर दिसायचं. आणि जादा म्हटल्यावर तात्यांच्याने राहवतंय का! गुरांना औषध पाजायची पिचकारी आणि सलाइनची नळी घेऊन ते जादा तेल बाहेर काढायचे, अगदी खुणेपर्यंत, थेंब इकडचा तिकडे नाही.

काढलेलं तेल फेकायचं, हेही त्यांना पटणारं नव्हतं. ते त्यांनी आळीत वाटलं. गणपतच्या शिलाई मशीनला, रसाच्या गुऱ्हाळाच्या चाकाला, देवळाच्या दाराला, सगळ्यांच्या बिजागऱ्यांना. कुणी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन यायचं, कुणी लोणच्याची बरणी. आमच्या आळीतलं एकही दार त्या दिवसांत कुरकुरत नव्हतं. माझं शटर नुसत्या बोटाने वर जायचं. लोक म्हणायचे, तात्यांचं तेल म्हणजे तेल! आणि हे ऐकत तात्या बंबात बसून दणके खायचे. मलाही गाडीतलं ओ की ठो कळत नाही, आळीतल्या कुणालाच कळत नव्हतं. आम्हाला तो त्यांचा टापटीपपणा वाटायचा.

पाडवा जवळ आला तसे तात्या देवळाकडे वळले. आमच्याकडे अडलेल्या कामाला कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. शेतीचे, लग्नाचे, गेलेल्या गुरांचे कौल मी पाहिले होते. गिअरबॉक्सचा प्रथमच पाहत होतो.

बारकूदादांनी सोवळं नेसून, कवळी नीट बसवून, देवाला हाक घातली. ‘बा देवा, ह्या तुझ्या लेकराची गाडी दणके देते. रबराचा दोष हाय काय?’

डावी पडली.

‘नजर लागली काय?’

डावी.

‘तेलाचा दोष हाय काय?’

उजवी पाकळी लगेच पडली. जणू देव वाटच पाहत होता. आम्ही सगळे पुढे सरकलो.

‘तेल जादा झाला काय?’ तात्यांनी मधूनच विचारलं.

डावी.

बारकूदादांनी तात्यांकडे पाहिलं. ‘तात्या, मग कमी झाला काय, असा विचारू?’

‘काय येड लागलाय तुला?’ तात्या गाभाऱ्यातच ओरडले. ‘रोज सकाळी मी माझ्या डोळ्यांनी जादा काढतो. देवाला असला फालतू प्रश्न विचारतात? मला इथं लाज वाटते.’

देवासमोर वाद नको म्हणून बारकूदादांनी प्रश्न बदलला. ‘देवा, मग तुला तेल पायजे काय?’ उजवी पडली. आता समयीला तेल कुठल्या देवाला नको असतं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तात्यांनी गोड्या तेलाचा डबा आणून देवळात ठेवला. देवळातली समई पाडव्यापर्यंत विझली नाही. बंबाच्या वागण्यात काडीचाही फरक पडला नाही.

पाडव्याला सकाळीच सुनील आला. बरोबर भंगारवाला घेऊन आला. नजीर नाव त्याचं, महाडचा, जवानीत आखातात ड्रायव्हर होता. गुढी उभारलेली, काकूंचा चेहरा उतरलेला, आणि तात्या बंबाला टेकून उभे. अंगावर धुतलेला खाकी शर्ट होता. मला वाटतं त्यांनी निरोपाला म्हणून घातला होता.

नजीर बंबाभोवती फिरला, चाकांना लाथा मारल्या, टाकी वाजवून पाहिली. ‘इंजिन चालू होता काय? चालू असेल तर भाव येगळा.’ तात्यांनी चढून इंजिन सुरू केलं. नजीरने पुढचं झाकण उघडलं, आत वाकून गिअरच्या तेलाची काठी सहज बाहेर ओढली आणि तशीच धरून उभा राहिला.

‘अवो काका, ह्यात तेल हाय कुठं?’

‘काय?’

‘काठी कोरडी हाय. टोकाला नुसता ओशटपणा.’

तात्या मोठ्या कष्टाने खाली उतरले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘बंद करून बघ! इंजिन बंद कर आणि बघ!’

सुनीलने इंजिन बंद केलं. थोडं थांबून नजीरने काठी घातली, काढली. तेल खुणेवर. सुरू केलं, पाहिलं. कोरडी. बंद केलं. खुणेवर. आळी जमली होती. प्रत्येक वेळी काठी बाहेर आली की सगळ्यांच्या माना एकदम पुढे जायच्या. गणपत म्हणाला, ‘च्यायला, ही गाडी खोटा बोलते.’

‘खोटा नाय बोलत,’ नजीर म्हणाला. ‘इंजिन बंद असला की वरचा तेल खाली येऊन बसता, रातभर तर आणखीच, म्हणून जादा दिसता. सुरू झाला की वर खेचला जाता. ह्या गाड्यांची काठी इंजिन चालू ठेवूनच बघायची. आमच्या तिथं पाण्याचे टँकर सगळे असलेच व्हते. तेल कमी पडला की गाडी आधी अडते, मग दणका देते. ह्यातला कोण काढत व्हता काय?’

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. काकू आतून आल्या. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती, अर्धी लाल तेलाने भरलेली. त्यांनी ती बंबाच्या पायरीवर ठेवली. मग शेजारची कुसुमवहिनी गेली आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आली. मग गणपत. मग गुऱ्हाळवाला. बघता बघता पायरीवर बाटल्यांची रांग लागली. बारकूदादा देवळातून वाटी घेऊन आले आणि हळूच म्हणाले, ‘मी विचारत व्हतो, तात्या. तुम्हीच विचारू दिला नाय.’

आळी हसली. मीही हसलो. तात्या माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले, पाय पुढे काढून, आणि त्या बाटल्यांकडे पाहत राहिले. ‘म्हंजे मीच,’ ते म्हणाले. ‘रोज सकाळी. मीच.’ मग कुणालाच हसता येईना. आपल्या शिस्तीवर ज्याने आयुष्यभर भरवसा ठेवला त्याला त्या शिस्तीनेच खड्ड्यात घातलं, हे त्यांना सगळ्यांसमोर कळलं होतं.

नजीरने कपाळावर हात मारला. ‘माझ्या तोंडाला कुलूप नाय. गप बसलो असतो तर गाडी मिळाली असती.’ बाटल्यांतलं तेल परत चालणार नाही, नवं आणा, हेही त्यानेच सांगितलं.

सुनील हुशार आणि हट्टी, बापावरच गेलेला. महाडहून नवं तेल आलं, इंजिन चालू ठेवून भरलं, पण तो लगेच मानायला तयार नव्हता. ‘एक रात्र जाऊ दे. एका रात्रीत बिघडते ना ही? उद्या टाकी भरून वाडीपर्यंत चढायचं. एक जरी दणका बसला तरी चावी नजीरभाईंना.’

त्या रात्री काकूंनी पिचकारी आणि नळी तांदळाच्या डब्यात लपवली. सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा तात्या बंबापुढे उभे होते. हात नुसते बाजूला लोंबत होते. बराच वेळ तसेच. मग त्यांनी काठीला हातही न लावता झाकण दाबून बंद केलं आणि मला म्हणाले, ‘चल रे बाळू.’

आम्ही निघालो. तात्या स्टिअरिंगवर, मी मधे, सुनील खिडकीशी. टाकी काठोकाठ. सुनील डोळे मिटून बसला होता, दणक्याची वाट पाहत. उमरठ मागे पडलं, चढ लागला. पहिल्या वळणाला मी मान ताठ केली. काही नाही. दुसऱ्याला काही नाही. जिथे चाक कठड्याला लागलं होतं त्या वळणावर तर इंजिनचा आवाज फक्त थोडा बदलला, आणि बंब वर निघाला. तात्या नजर रस्त्यावर ठेवून गाडी चालवत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. सुनीलने डोळे उघडून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं.

वाडीत हंड्यांची रांग तयार होती. तात्या खाली उतरले नाहीत, गुडघ्यामुळे चढउतार त्यांना जड जाई. चहा त्यांना वरच दिला. सुनीलने पाइप लावला आणि मुंबईचे बूट भिजवत हंडे भरू लागला. एक म्हातारी त्याला म्हणाली, ‘तुझ्या बापामुळं पाणी हाय रे, लेका.’ तो ‘हो, आजी’ म्हणाला आणि पुढचा हंडा घेतला. मला एवढंच म्हणाला, ‘बाळूकाका, घरी हे माझ्याशी बोलतच नाहीत. इथं बघा, सगळ्यांची चौकशी चाललीय.’ खरंच तात्या खिडकीतून डोकं काढून कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या नातवाचं विचारत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

टाकी रिकामी झाली. सुनील पाइप गुंडाळत होता, मी कपबशी परत देत होतो. तेवढ्यात बंब सुरू झाला आणि निघाला. आम्हाला सोडून.

‘बाबा! ओ बाबा!’

खिडकीतून हात बाहेर आला, एसटीतले लोक करतात तसा वरखाली हलला, मागून या. आणि गाडी वळणाआड गेली. अजून एक खेप टाकायची होती बहुतेक, किंवा नव्हतीही. सुनील ओला पाइप दोन्ही हातांत धरून वाडीच्या टोकाला उभा राहिला. तिथून खालचा सगळा रस्ता दिसतो. आम्ही दोघेही कान लावून होतो. बंब दिसायचा, लपायचा, पुन्हा दिसायचा. कुठेही दणका नाही.

सुनीलचा फोन वाजला. नजीर होता. आवाज मलाही ऐकू येत होता. ‘काय सुनीलभाई, चावी घ्यायला येऊ?’

‘नको,’ सुनील म्हणाला. ‘बाबा ड्युटीवर आहेत.’

त्याने फोन खिशात टाकला आणि तोंड पुसलं. अगदी खाली, फाट्याच्या वळणावर बंब पुन्हा दिसला. खिडकीत तात्यांचं कोपर होतं, खाकी बाही वाऱ्याने उडत होती. समोरून एक जीप आली, तिला त्यांनी भोंगा देऊन बाजूला व्हायला लावलं आणि गाडी सरळ पुढे काढली. आम्ही वरून हात हलवत होतो. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.